सात थर परीक्षेत, सॉकेट प्रयोगशाळेत : एका न झालेल्या एकमताचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/
महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला संगणक-जाळ्यांच्या लेखी परीक्षेत एक प्रश्न जवळजवळ हमखास येतो : ओएसआय प्रारूपाचे सात थर आकृतीसह स्पष्ट करा. तो ते पाठ करून लिहितो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तोच विद्यार्थी सॉकेट वापरून दोन संगणकांना बोलते करतो, आणि त्या प्रोग्राममध्ये सातपैकी निदान दोन थर त्याला शोधूनही सापडत नाहीत. ही विसंगती कुणाच्या चुकीने आलेली नाही. लेखी परीक्षेतले उत्तर आणि प्रात्यक्षिकातले उत्तर ही एका जुन्या संघर्षातील दोन प्रतिपक्षांची उत्तरे आहेत. तो संघर्ष कुणीही सांगत नाही, म्हणून हा थ्रेड.

२/
आरंभ रुळांपासून करू, कारण वऱ्हाडच्या माणसाला ‘समान प्रमाण नसणे’ म्हणजे काय हे रुळांनी फार आधी शिकवले. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला मुंबईहून निघालेला यात्रेकरू अकोल्यापर्यंत साडेपाच फुटी ब्रॉडगेजने येई. पुढे वाशिमकडे रेल्वेनेच जायचे तर त्याच अकोल्यात उतरून, बोचके उचलून, मीटरगेजच्या गाडीत बसावे लागे. थोडे पलीकडे मूर्तिजापूरला तिसराच प्रकार : यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, अडीच फुटी नॅरोगेजवरची ‘शकुंतला’. एवढ्याशा प्रदेशात तीन गेज.

३/
यातला प्रत्येक निर्णय त्या त्या कचेरीत शहाणपणाचाच होता. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली तेव्हा रुंद रूळ निवडले ते वेग आणि स्थैर्य यांसाठी. १८७० च्या सुमारास मेयोच्या कारकिर्दीत मीटरगेज आले ते खर्च वाचवण्यासाठी. कापूस गोळा करणाऱ्या आडमार्गावर त्याहूनही अरुंद रूळ पुरेसे वाटले. किंमत चुकवली ती फलाटावरच्या हमालाने आणि दोनदा उतरवलेल्या कापसाच्या गाठींनी. सर्वत्र एकच गेज करण्याची मोहीम १९९२ मध्ये हाती घेतली गेली. अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडले. शकुंतलेच्या वाट्याला तेही आले नाही.

४/
१९७० च्या दशकात संगणकांच्या जाळ्यांची स्थिती नेमकी अशीच होती. आयबीएमने १९७४ मध्ये स्वतःची एसएनए ही रचना जाहीर केली, डिजिटल कंपनीने पुढच्याच वर्षी डेकनेट आणले, आणि टेलिफोन खात्यांच्या जगाने १९७६ मध्ये एक्स.२५ मान्य केले. आयबीएमचे यंत्र डिजिटलच्या यंत्राशी बोलायचे तर मधे एखादे ‘अकोला’ लागे : एका बाजूचा माल उतरवून दुसऱ्या बाजूच्या डब्यात भरणारे भाषांतर-यंत्र. तेही प्रत्येक जोडीसाठी निराळे.

५/
उपाय सर्वांनाच एक दिसत होता : सगळ्या जगाने मिळून एक प्रमाण ठरवावे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७७ मध्ये हे काम हाती घेतले. भौतिक, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन या सात थरांचे प्रारूप १९८४ मध्ये अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध झाले. हेतू उदात्त होता हे विसरू नये. एका अमेरिकन कंपनीच्या मर्जीवर साऱ्या जगाची जाळी चालू नयेत, ही त्यामागची राजकीय जाणीव युरोपात तीव्र होती. ती चुकीची होती असे आज कोण म्हणेल?

६/
समितीचे काम चालू असतानाच दुसरीकडे काहीतरी धावू लागले होते. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली कल्पना टीसीपी/आयपी या रूपाने आकाराला आली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या अर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून ती स्वीकारली. हे एकमताने झाले नाही. ज्याच्या पैशावर जाळे चालत होते त्याने तारीख ठरवून दिली होती.

७/
प्रोटोकॉल म्हणजे तारेवरून काय जाईल याचा करार. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आणखी एका कराराची गरज असते : आपल्या प्रोग्रामने यंत्राच्या कार्यप्रणालीकडे हे जाळे मागायचे कसे? रुळांचे माप ठरले म्हणून तिकिटाच्या खिडकीवर काय बोलायचे ते ठरत नाही. या दुसऱ्या कराराकडे इतिहास लिहिणारे सहसा वळत नाहीत. खरी गंमत मात्र तिथेच आहे.

८/
त्या खिडकीवरची भाषा ठरली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात. तेथील मंडळी युनिक्स या कार्यप्रणालीची स्वतःची आवृत्ती काढत असत. ऑगस्ट १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत टीसीपी/आयपी तर होतेच, त्याबरोबर ‘सॉकेट’ नावाची खिडकीही होती. प्रोग्रामने एक सॉकेट मागायचा, त्याला पत्ता जोडायचा, येणाऱ्याची वाट पाहायची, आलेल्याला आत घ्यायचे. एकदा जोडणी झाली की साध्या फाइलसारखे वाचायचे आणि लिहायचे. एवढेच.

९/
हे सर्वोत्तम होते म्हणून जगाने घेतले, असे सांगण्याची प्रथा आहे. ती अर्धवट आहे. बर्कलीच्या कामाला पैसा संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, म्हणजे सार्वजनिक होता. आवृत्ती टेपवर भरून विद्यापीठांकडे जाई. पुढे १९८९ मध्ये जाळ्याचा भाग वेगळा काढून जवळपास निर्बंध न ठेवता देण्यात आला : टेपसाठी एक हजार डॉलर द्या, मग तुमच्याकडून कुणीही फुकट न्यावे. सॉकेटचे प्रमाणपद कुठल्याही सभेत मंजूर झाले नाही. ते टेपच्या रिळांवरून गावोगाव पोहोचले, आणि नंतर आलेल्या समित्यांना घडून गेलेल्या गोष्टीवर सही तेवढी करता आली.

१०/
ती सही तरी सुखाने झाली का? नाही. युनिक्सची मूळ मालक एटी अँड टी हिला बर्कलीची खिडकी मान्य नव्हती. तिने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टीएलआय नावाची स्वतःची खिडकी उघडली. तिची घडण ओएसआयच्या ट्रान्सपोर्ट थराला अनुसरून होती आणि कागदावर ती अधिक नेटकी होती. झाले. एकच प्रोग्राम दोन प्रकारच्या युनिक्सवर चालवायचा तर जाळ्याचा सगळा भाग दोनदा लिहिण्याची पाळी आली.

११/
मग पॉझिक्सची समिती बसली. पॉझिक्स म्हणजे निरनिराळ्या युनिक्स प्रणालींनी समान वागावे यासाठीचे मानक. जाळ्याच्या खिडकीचा मसुदा तिथे वर्षानुवर्षे रेंगाळला आणि २००० साली कुठे पूर्ण झाला. त्यात निर्णय काय होता? सॉकेटही ठेवा, आणि टीएलआयची पुढची आवृत्ती एक्सटीआय हीदेखील ठेवा. दोन दावेदारांना दोन पाट मांडून दिले की पंगत पार पडते, वाद मिटत नाही. पुढच्याच वर्षी सुधारित मानक आले त्यात एक्सटीआय नव्हते. तोवर ते वापरणारे फारसे उरलेच नव्हते.

१२/
या समितीच्या कामातला एक तपशील सांगायलाच हवा, कारण एकमत किती बारीक जागी अडते ते त्यातून दिसते. सॉकेटमधील ‘ॲक्सेप्ट’ या क्रियेला एक आकडा द्यावा लागतो : पत्त्यासाठी किती बाइट जागा आहे. बर्कलीने तो साधा पूर्णांक, ‘इंट’, म्हणून ठेवला होता. समितीतील शुद्धतावाद्यांना वाटले, आकारमान आहे तर त्याचा प्रकार ‘साइज-टी’ असावा. व्याकरणदृष्ट्या ते बरोबरच होते.

१३/
पण चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर इंट चार बाइटांचा राहिला आणि साइज-टी आठ बाइटांचा. जुन्या प्रोग्रामने चार बाइटांची जागा दाखवली आणि प्रणालीने तीत आठ बाइट लिहिले, तर शेजारची माहिती पुसली जाणार. चालती घरे पाडून वास्तुशास्त्र सुधारण्याचा हा प्रकार होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर अत्यंत कडक शब्दांत लिहिले. शेवटी तडजोड म्हणून नवाच प्रकार जन्माला आला : ‘सॉकलेन-टी’. प्रत्यक्षात तो जुन्या इंटच्याच आकाराचा, फक्त नाव वेगळे, म्हणजे कुणालाच हरल्यासारखे वाटू नये. आज प्रात्यक्षिकाच्या वहीत हा शब्द उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागे एक तहनामा आहे याची कल्पना नसते.

१४/
(शिरपूरकरांना हे नवे वाटणार नाही. तेथील मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांनी केव्हा पूजा करावी याचे वेळापत्रक १९०५ साली परस्पर संमतीने ठरले होते. तरीही पुढे वाद उद्भवला आणि तो १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. कोण बरोबर हा या थ्रेडचा विषय नाही. वेळापत्रक ‘केव्हा’ ते सांगते, आणि तंटा पुष्कळदा ‘कसे’ यावर होतो, एवढेच येथे लक्षात घ्यावे.)

१५/
त्याहून जुना एक वाद बाइटांच्या क्रमाचा. मोठी संख्या साठवताना तिचा थोरला भाग आधी ठेवायचा की धाकटा? आयबीएमची मोठी यंत्रे थोरला आधी ठेवत. बर्कलीतील व्हॅक्स आणि नंतरचे इंटेल धाकटा आधी. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अंडे कोणत्या टोकाकडून फोडायचे यावरून लढणाऱ्या पंथांची नावे दिली. ती नावे आजही चालू आहेत.

१६/
मराठी माणसाने यावर हसू नये. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. ‘एकशे पंचवीस’ म्हटले की आधी शतक, मग एकक, मग दशक : थोरला, धाकटा, मधला. विशेष म्हणजे पीडीपी-११ हे यंत्रही मोठ्या संख्या अशाच काहीशा मिश्र क्रमाने साठवत असे. जाळ्यावर अखेर थोरला-आधी हा क्रम ठरला, आणि आज जगातील बहुसंख्य यंत्रे धाकटा-आधी चालत असल्यामुळे तारेवर जाताना आणि तारेवरून उतरताना बाइट उलटसुलट करावे लागतात. पुन्हा अकोल्याचा फलाट. फक्त हमाली आता प्रोसेसरकडे आली आहे.

१७/
आता मुंबई. या संघर्षाची एक आघाडी जुहूला होती हे महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून उगम पावलेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था तेथे होती आणि श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ईआरनेट हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले, तेव्हा भागीदार होते पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः विभाग आणि ही एनसीएसटी.

१८/
१९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. जुहू ते पवई. ज्या मुंबईत घरी फोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या मुंबईत. दिल्ली-मुंबई भाड्याची वाहिनी जानेवारी १९९१ मध्ये आली; तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या फोनमधला एक फोटो तिच्यावरून पाठवायचा तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला असता.

१९/
या जाळ्याने कुठल्या बाजूला जायचे? आज उत्तर सोपे वाटते, १९९० मध्ये ते सोपे नव्हते. अमेरिकेच्या केंद्र शासनाने त्याच वर्षीपासून आपल्या खरेदीत ओएसआयची सक्ती केली होती, ब्रिटनचेही तसेच धोरण होते. जगातील शासने एका बाजूला आणि प्रत्यक्ष धावणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला, अशी ती घडी होती. ज्या देशाकडे परकीय चलन मोजूनमापून होते त्याने चुकीचे रूळ टाकले असते तर उखडायला पैसा नव्हता. १९९१ चे संकट आठवावे.

२०/
ईआरनेटने दोन्ही ठेवले. मुख्य वाहिन्यांवर टीसीपी/आयपीही चालले आणि ओएसआयचा प्रोटोकॉलही. रेल्वेत मिश्र गेज असते ना, तीन रूळ टाकून दोन्ही मापांच्या गाड्या नेणारे, तसे. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला ६४ किलोबिटची वाहिनी गेली. १९९५ नंतर जवळपास सारी वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली आणि तिसरा रूळ गंजत गेला. त्याच वर्षी अमेरिकेनेही आपली सक्ती मागे घेतली.

२१/
या धोरणाला कुंपणावर बसणे म्हणता येईल. पण ते मूल्यमापन अन्यायाचे ठरेल. पॉझिक्स समितीने दोन पाट मांडले तेव्हा निर्णय टळला. ईआरनेटने दोन रूळ टाकले तेव्हा निर्णय वाहतुकीवर सोपवला गेला, आणि दरम्यान कुणाचे पत्र अडले नाही. कागदावर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. फरक असा की एकीकडे मसुदा होता आणि दुसरीकडे चालते जाळे. भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात ‘आपण उशिरा आलो’ हेच पालुपद असते. या एका बाबतीत आपल्या लोकांनी पुरेशी वाट पाहिली आणि फार वाटही पाहिली नाही.

२२/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. तेव्हा दोन प्रकारची खाती मिळत : अक्षरे तेवढी दिसणारे स्वस्त ‘शेल’ खाते आणि महागडे ‘टीसीपी/आयपी’ खाते. ज्या नावावरून जगभरच्या समित्या भांडल्या ते नाव मध्यमवर्गीय मराठी घरात पहिल्यांदा आले ते न परवडणाऱ्या दराच्या रूपात. वाशिम जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. तो अकोल्यातून वेगळा झाला १९९८ मध्ये.

२३/
तर मग विजयी पक्षाची लोककथा, ‘समित्या बोलत राहिल्या आणि लिहिणारे जिंकले’, ती खरी का? बरीचशी खरी. पण जिंकलेल्यांचा इतिहास हरलेल्यांचे बरोबर असलेले मुद्दे नेहमी गाळतो. ओएसआयच्या लोकांचा एक मुद्दा पत्त्याचा होता. टीसीपी/आयपीचा पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. ओएसआयचा पत्ता वीस बाइटांपर्यंत जाऊ शकत होता.

२४/
१९९२ मध्ये इंटरनेटच्या धुरीणांच्या मंडळाने जपानमधील कोबे येथे सुचवले की पत्त्यासाठी ओएसआयचाच प्रोटोकॉल आधारभूत धरावा. सदस्यांत बंड उसळले. शत्रूचे रूळ? प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड क्लार्क यांनी राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारून ढोबळ सहमती आणि चालता कोड यांचा पुरस्कार करणारे ते प्रसिद्ध घोषवाक्य मांडले. मग स्वतःचा नवा पत्ता, आयपीव्ही६, १९९५ च्या अखेरीस मसुद्यात आला. जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. अभिमानाची किंमत किती वर्षे, याचा हिशोब वाचकांनी करावा.

२५/
खिडकीवरचे भांडण तर अजून मिटलेले नाही. एकाच वेळी हजारो जोडण्यांवर लक्ष कसे ठेवायचे? बर्कलीचा ‘सिलेक्ट’, एटी अँड टीचा ‘पोल’, फ्रीबीएसडीचा ‘केक्यू’, लिनक्सचा ‘ईपोल’, आणि विंडोजची रीत तर सर्वस्वी निराळी. विंडोजवर सॉकेट बंद करण्याच्या क्रियेचे नावसुद्धा वेगळे आहे. २०२१ मध्ये मानक झालेला क्विक हा प्रोटोकॉल जुन्या खिडकीला वळसा घालून बराचसा प्रोग्रामच्या आतच राहतो. त्याची स्वतःची खिडकी कशी असावी यावर प्रत्येक ग्रंथालयाचे मत वेगळे.

२६/
शिक्षकांपुढे एक साधी मागणी यातून निघते. सात थर शिकवू नयेत असे नाही. विचाराची चौकट म्हणून ते उपयोगी आहेत. पण ते निसर्गनियमासारखे शिकवले जातात. न्यूटनचे नियम आणि सात थर एकाच आवाजात सांगितले जातात, आणि मग सेशनचा थर सॉकेटमध्ये कुठे बसतो हे विचारणाऱ्या मुलाला ‘अभ्यासक्रमात नाही’ असे उत्तर मिळते. तो मुलगा योग्य जागी बोट ठेवत असतो. ते एका पक्षाचे मागणीपत्र होते, आणि तो पक्ष हरला. हे सांगायला वर्गात पाच मिनिटे लागतात.

२७/
न सांगण्याचा परिणाम प्रात्यक्षिकाच्या वहीत दिसतो. जुन्या पाठ्यपुस्तकांतून उतरत आलेल्या प्रोग्राममध्ये यंत्राचे नाव देऊन पत्ता शोधणारी ‘गेटहोस्टबायनेम’ ही क्रिया असते आणि पत्ता चारच बाइटांचा असतो हे तीत गृहीत धरलेले असते. २०१६ मध्ये जिओ आले तेव्हापासून देशात आयपीव्ही६ झपाट्याने पसरले, आणि त्याचा पत्ता सोळा बाइटांचा. शिरपूरच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनला बहुधा असाच पत्ता मिळालेला असतो. त्याच्या दप्तरातल्या वहीतला, शिक्षकांनी लाल शाईने तपासलेला प्रोग्राम त्या पत्त्यापर्यंत पोहोचू शकत नाही.